व्हर्जन नंबर एकदाच लिहावा

डिसेंबर २०२१ मध्ये जावाचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप एका प्रश्नाने उडवली. लॉगफोरजे या लायब्ररीत मोठी त्रुटी असल्याचे जाहीर झाले होते. सीव्हीई-२०२१-४४२२८ हा तिचा अधिकृत क्रमांक, बातम्यांतले नाव लॉगफोरशेल. दुसऱ्या पिढीतली २.१४.१ पर्यंतची व्हर्जन्स धोक्यात होती. २.१५.० मध्ये दुरुस्ती आली, ती पुरेशी नाही असे कळल्यावर २.१६.० आले, पाठोपाठ २.१७.० आणि महिनाअखेरीस २.१७.१. तीन आठवड्यांत चार नंबर, आणि दर वेळी तोच प्रश्न: आपल्या मशीनवर यातले कुठले आहे?

दुरुस्त फाइल बसवणे त्या मानाने सोपे होते. उत्तर सापडणे अवघड होते. लॉगफोरजेची जार फाइल सुटी ठेवलेली असेल तर तिच्या नावातच नंबर दिसतो. पण अनेक उत्पादनांनी ती आपल्या मोठ्या जारमध्ये मिसळून टाकली होती. तिथे नाव गेले आणि नावाबरोबर नंबरही गेला. अशा वेळी उपयोगी पडली ती पॉम डॉट प्रॉपर्टीज नावाची चिमुकली टेक्स्ट फाइल. मेव्हन हे बिल्डचे साधन ती जारच्या आत ठेवते. मोजक्या ओळी, त्यातल्या एका ओळीत व्हर्जन. प्रोग्राम न चालवता, जार नुसती उघडून ती वाचता येते. जिथे बांधणाऱ्यांनी तीही काढून टाकली होती, तिथे लोकांना जेएनडीआयलुकअप या क्लासचा माग काढत फिरावे लागले.

मार्च २०२४ मधला एक्सझेडचा प्रसंग आणखी बोलका आहे. फाइली आकाराने लहान करणाऱ्या या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जन्समध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट घालून ठेवली होती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. अशा वेळी हात सवयीने टर्मिनलकडे जातो आणि एक्सझेडलाच त्याचे व्हर्जन विचारतो. म्हणजे ज्याच्यावर संशय आहे तोच प्रोग्राम चालवायचा. त्यापेक्षा डेबियनवर डीपीकेजीला किंवा फेडोरावर आरपीएमला विचारणे सुरक्षित, कारण त्यांच्याकडे पॅकेज बसवतानाच केलेली नोंद असते आणि ती वाचायला मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

लहान पॅकेज लिहिणाऱ्यानेही या दोन प्रसंगांतून घ्यायचे ते हेच. व्हर्जन नंबर एका जागी, साध्या अक्षरांत असावा आणि कोड न चालवता वाचता यावा. बाकी जिथे जिथे तो लागतो तिथे त्याच जागेवरून उचलला जावा.

नियम एका वाक्यात मावतो, पण पाळताना घोळ होतो. पायथॉनच्या एखाद्या साध्या पॅकेजमध्ये हा नंबर कुठे कुठे शिरतो ते पाहिले की कारण कळते. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइलीत तो असतो. पॅकेजच्या इनिट फाइलीत, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या आणि बोलताना 'डंडर व्हर्जन' म्हटल्या जाणाऱ्या नावात असतो. स्फिंक्सने दस्तऐवज बनवायचे तर त्याच्या कॉन्फिग फाइलीत 'व्हर्जन' आणि 'रिलीज' अशा दोन जागा. चेंजलॉगमध्ये शीर्षक म्हणून, गिटमध्ये टॅग म्हणून, रीडमीमध्ये बसवण्याच्या सूचनांत. सहा-सात जागा झाल्या. नव्या रिलीजच्या संध्याकाळी घाईत असलेला माणूस यातल्या पाच बदलतो आणि दोन विसरतो. मग पिप सांगतो १.४.०, पण प्रोग्राम स्वतः छापतो १.३.२. वापरणारा बगची तक्रार नोंदवताना प्रोग्रामने छापलेला नंबर लिहितो, आणि दुरुस्त करणारा भलत्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. अशी वाया गेलेली संध्याकाळ कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

हे टाळण्यासाठी पायथॉनवाल्यांनी बरीच वर्षे एक युक्ती वापरली. नंबर फक्त इनिट फाइलीत लिहायचा आणि सेटअप डॉट पायमध्ये ते पॅकेज इम्पोर्ट करून तिथून उचलायचा. जागा एकच राहते हे खरे, पण नंबर वाचण्यासाठी पूर्ण पॅकेज चालवावे लागते. इनिट फाइलीच्या माथ्यावर रिक्वेस्ट्स किंवा नमपायचे इम्पोर्ट असेल आणि नव्या मशीनवर ती लायब्ररी अजून बसलेली नसेल, तर सेटअप पहिल्याच पायरीवर कोसळतो. जी लायब्ररी सेटअपनेच बसवून द्यायची, तीच नाही म्हणून सेटअप अडतो. लेखकाच्या स्वतःच्या मशीनवर सगळे आधीच बसलेले असल्याने त्याला हे कधी दिसतच नाही.

मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीतही ही पद्धत होती. फ्रापे या चौकटीवर बांधलेल्या ॲपच्या सेटअप डॉट पायमध्ये, ॲपच्या इनिट फाइलीतून डंडर व्हर्जन इम्पोर्ट करणारी ओळ असे. तिथे बेंच हे साधन फ्रापे आधी बसवते, त्यामुळे क्रम सांभाळला जाई. पुढे या ॲपनी पायप्रोजेक्ट फाइल स्वीकारली. तिच्यात व्हर्जन 'डायनॅमिक' आहे एवढेच सांगितलेले असते आणि फ्लिट हे बिल्डचे साधन इनिट फाइलीतला नंबर वाचते. नंबरची जागा तीच राहिली, वाचण्याची रीत सुधारली. आपल्या सर्व्हरवर फ्रापे आणि ईआरपीनेक्स्टची कुठली व्हर्जन्स आहेत हे पाहायला 'बेंच व्हर्जन' एवढी एक आज्ञा पुरते. महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यांत आणि दुकानांत ही प्रणाली चालते, तिथल्या तंत्रज्ञाला मदत मागताना पहिल्यांदा हीच माहिती द्यावी लागते.

आज नवे पायथॉन पॅकेज सुरू करणाऱ्याने काय करावे? नंबर थेट पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये, 'प्रोजेक्ट' या विभागात, अवतरणचिन्हांत लिहावा आणि तिथेच ठेवावा. ही फाइल निव्वळ मजकूर आहे. ती वाचायला पायथॉनही लागत नाही. बिल्ड करताना हा नंबर पॅकेजच्या मेटाडेटामध्ये जातो, बसवताना तो मेटाडेटा मशीनवर उतरतो, आणि प्रोग्रामला चालता चालता स्वतःचा नंबर हवा असेल तर पायथॉनच्या इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटा या मोड्यूलमधल्या 'व्हर्जन' फंक्शनला पॅकेजचे नाव देऊन तो विचारता येतो. पायथॉन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, हे मोड्यूल भाषेबरोबरच मिळते. वेगळी लायब्ररी लागत नाही.

या वाटेवरचे खाचखळगे मात्र आधी माहीत असावेत. पहिला नावाचा. हे फंक्शन पिपने बसवताना वापरलेले नाव मागते, इम्पोर्ट करतानाचे नव्हे. बसवताना पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल. बसवताना सायकिट-लर्न, इम्पोर्ट करताना एसकेलर्न. बसवताना ब्यूटिफुलसूप४, इम्पोर्ट करताना बीएस४. चुकीचे नाव दिले तर पॅकेज सापडत नाही असा एरर येतो आणि नवखा माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसरा खळगा जास्त फसवा. पॅकेज बसवलेच नसेल, नुसते फोल्डरमधून चालवले असेल, तर मेटाडेटा नसतोच आणि तोच एरर येतो. लेखक स्वतः 'एडिटेबल' पद्धतीने बसवून काम करत असेल तर उलटा प्रकार होतो. कोड रोज नवा दिसतो, पण मेटाडेटा बसवल्या दिवसाचा राहतो. टॉमल फाइलीत १.५.० लिहूनही प्रोग्राम १.४.० सांगतो. पुन्हा बसवले की प्रश्न मिटतो. पायइन्स्टॉलरने एकच एक्झिक्युटेबल फाइल बनवायची असेल तर मेटाडेटाही आत घ्यायला त्याला स्पष्ट सांगावे लागते. नाहीतर लेखकाच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोग्राम ग्राहकाकडे पहिल्याच क्लिकला बंद पडतो.

हे जड वाटत असेल तर दुसरी वाटही चांगली आहे. इनिट फाइलीत डंडर व्हर्जनची एकच ओळ ठेवायची, उजव्या बाजूला निव्वळ अक्षरे. फंक्शन नको, गणित नको, दुसऱ्या फाइलीतून इम्पोर्टही नको. फ्लिट, हॅच आणि सेटअपटूल्स ही तिन्ही साधने तो नंबर उचलतात. सेटअपटूल्स ४६.४.० या व्हर्जनपासून आधी फाइलीची नुसती रचना वाचून नंबर शोधते आणि ते जमले नाही तरच पॅकेज इम्पोर्ट करते. म्हणून उजवीकडची बाजू साधी असणे महत्त्वाचे. तिथे चलाखी केली की जुना त्रास परत येतो.

डंडर व्हर्जन असायलाच हवे का, यावर पायथॉनच्या जगात बराच खल झाला आहे. मोड्यूलला व्हर्जन नंबर असेल तर तो या नावात द्यावा असा प्रस्ताव पेप ३९६ म्हणून २०११ मध्ये मांडला गेला होता, पण अखेर तो फेटाळला गेला. फ्लास्कने २०२३ मधल्या आपल्या ३.० व्हर्जनमध्ये डंडर व्हर्जन कालबाह्य ठरवले आणि लोकांना इम्पोर्टलिब डॉट मेटाडेटाकडे वळायला सांगितले. तरीही असंख्य लोकप्रिय पॅकेजेस ते ठेवतात आणि वापरणारे ते टाइप करतात. नव्या पॅकेजला त्याची गरज नाही. जुन्यात असेल तर उपटून टाकण्याची घाई करू नये, कारण दुसऱ्याच्या कोडमध्ये कुठेतरी त्याच्यावर भिस्त असते. दोन्हीपैकी एकच खरी जागा ठरवावी आणि दुसरी तिच्यातून भरावी, एवढे पथ्य पुरेसे आहे.

तिसरी वाट गिट टॅगची. सेटअपटूल्स-एससीएमसारखी साधने रिपॉझिटरीतला शेवटचा टॅग पाहून नंबर ठरवतात, आणि त्या टॅगनंतर काही कमिट झाले असतील तर त्यांची संख्याही नंबरात घालतात. फाइलीत काहीच लिहावे लागत नाही, म्हणून ही पद्धत पहिल्या भेटीत मोहात पाडते. पण मग नंबर पॅकेजच्या मजकुरात नसून त्याच्या इतिहासात असतो, आणि इतिहास नेहमी सोबत येत नाही. गिटहबच्या ॲक्शन्समध्ये चेकआउटची पायरी सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे फक्त शेवटचा कमिट आणते, टॅग आणत नाही. झिप म्हणून उतरवलेल्या कोडमध्ये गिटचे फोल्डरच नसते. डॉकर इमेज बनवताना ते फोल्डर बहुधा मुद्दाम वगळलेले असते. या प्रत्येक ठिकाणी बिल्ड अडतो किंवा भलताच नंबर घेऊन बाहेर पडतो. उपाय आहेत. पूर्ण इतिहास आणायला सांगता येते, पर्यावरण चलातून नंबर देता येतो. पण साधेपणासाठी घेतलेल्या पद्धतीला इतक्या टेकूंची गरज लागत असेल, तर एकट्या-दुकट्याच्या पॅकेजसाठी ती घेऊ नये. आठवड्याला दोन-तीन रिलीज करणाऱ्या आणि बिल्डवर लक्ष ठेवायला माणूस असणाऱ्या गटाला ती शोभते.

नंबर कुठे लिहायचा हे ठरले की कसा लिहायचा याकडे वळावे. व्हर्जन नंबर दिसायला अपूर्णांकासारखा असला तरी तो अपूर्णांक नाही. १.९ नंतर १.१० येते आणि ते १.९ पेक्षा मोठे असते. शाळेतले गणित इथे लावले की फसगत होते. पायथॉन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आले तेव्हा याचा अनुभव अनेकांना आला. पायथॉनच्या व्हर्जनची पहिली तीन अक्षरे कापून घेणारा कोड वर्षानुवर्षे चालला होता. ३.८ ला चालला, ३.९ ला चालला आणि ३.१० ला त्याच्या हाती ३.१ आले. अक्षरांच्या क्रमाने तुलना करणाऱ्या कोडला ३.१० हे ३.९ च्या आधीचे वाटले. यामल फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिले तर ते दशांश संख्या म्हणून वाचले जाते, शेवटचे शून्य गळते आणि चाचण्या ३.१ हे पुरातन पायथॉन शोधू लागतात. दोन अवतरणचिन्हे घातली असती तर हे झाले नसते.

ऑपेरा ब्राउझरला हाच धडा २००९ मध्ये मिळाला. त्याचा नंबर १० झाला, पण कित्येक संकेतस्थळांचा कोड फक्त पहिला अंक वाचत होता आणि त्याला ऑपेरा १ समजत होता. शेवटी ऑपेराला आपल्या ओळखीच्या ओळीत सुरुवातीला ९.८० लिहून खरा नंबर शेवटी सरकवावा लागला.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. नंबर नेहमी अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणून ठेवावा. तुलना स्वतः लिहू नये, त्यासाठी पायथॉनची 'पॅकेजिंग' ही लायब्ररी वापरावी. लिहिण्याची पद्धत पेप ४४० प्रमाणे ठेवावी. या दस्तऐवजात बीटा, रिलीज कँडिडेट, विकासातले व्हर्जन अशा सगळ्यांचा क्रम ठरवून दिला आहे. नंबरात तारीख-वेळ कोंबण्याचा मोह आवरावा, कारण त्यामुळे तोच कोड दोनदा बिल्ड केला तर दोन वेगळी पॅकेजेस तयार होतात.

मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर 'दुसरी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' वेगवेगळे छापलेले असते. मजकूर बदलला तर आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला तर पुनर्मुद्रण. अँड्रॉइडने असाच भेद दोन रकान्यांत केला आहे. 'व्हर्जन नेम' माणसांना दाखवायचे असते आणि त्यात हवे ते लिहिता येते. 'व्हर्जन कोड' हा पूर्णांक असतो. प्ले स्टोअरवर नवी फाइल चढवताना तो वाढवावा लागतो आणि २१० कोटींच्या पुढे नेता येत नाही. वरवर इथे दोन जागा दिसतात, पण दोन्ही रकान्यांची कामे वेगळी आहेत. दोन्ही ग्रेडलच्या एकाच फाइलीत शेजारी लिहिता येतात, तसेच लिहावेत.

इतर भाषांनी हा प्रश्न कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. रस्टमध्ये नंबर कार्गो डॉट टॉमलमध्ये लिहायचा. कंपाइल होताना कार्गो तो पर्यावरण चलात ठेवतो आणि प्रोग्राम एका मॅक्रोने तो आपल्या पोटात घेतो. नोडमध्ये तो पॅकेज डॉट जेसनमध्ये असतो, आणि 'एनपीएम व्हर्जन पॅच' ही आज्ञा दिली की फाइलीतला नंबर वाढतो, कमिट होतो आणि गिट टॅगही लागतो. गोने टॅगची वाट धरली, पण भाषेची सगळी साधनेच तिच्याभोवती बांधली. तयार बायनरी फाइल न चालवता तिच्यातली मोड्यूल्स आणि त्यांची व्हर्जन्स 'गो व्हर्जन' ही आज्ञा 'एम' हा पर्याय देऊन वाचता येतात. लॉगफोरशेलच्या दिवसांत जावावाल्यांना अगदी असेच काहीतरी हवे होते.

राहिला रिलीजचा क्रम. आधी नंबर बदलावा, चेंजलॉगमध्ये त्याच नंबरखाली नोंद करावी, दोन्ही मिळून एक कमिट करावा, त्याच कमिटवर टॅग लावावा आणि मगच बिल्ड करून पायपीआयवर चढवावे. टॅग आणि फाइलीतला नंबर जुळत नसेल तर बिल्ड थांबवणारी एक छोटी तपासणी चाचण्यांत जरूर घालावी. ती लिहायला दहा मिनिटे लागतात. पायपीआयवर एकदा चढलेल्या फाइलीचे नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसून टाकली तरीही नाही. चुकीचे १.४.० बाहेर गेले तर ते 'यँक' करून मागे घ्यावे आणि १.४.१ काढावे. हा नियम जाचक वाटतो, पण त्याच्यामुळेच १.४.० म्हटल्यावर पुण्यातल्या आणि टोरांटोतल्या मशीनवर तीच फाइल असते.

ज्यांचे पॅकेज आधीच चालू आहे त्यांनी आज एवढे करावे. रिपॉझिटरीच्या मुळाशी जाऊन गिट ग्रेपला सध्याचा व्हर्जन नंबर शोधायला सांगावा आणि किती ओळी येतात ते मोजावे. चेंजलॉग सोडून एकापेक्षा जास्त ओळी आल्या, तर पुढचे रिलीज करण्याआधी त्यातली एक ठेवून बाकीच्या काढाव्यात.